आडोसा आणि आसरा: कोल्हापूरच्या बागांमध्ये विजेपासून सुरक्षित कसे राहावे

कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्या माणसाला, मग तो शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेला असो की शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला असो, उन्हाळ्यातली संध्याकाळ कोठे घालवावी हे फारसे सांगावे लागत नाही. रंकाळ्याचा काठ, त्यालगतचे पद्माराजे उद्यान, नागाळा पार्कातील महावीर उद्यान, टाऊन हॉलची बाग, हुतात्मा पार्क, टेंबलाईची टेकडी, यांपैकी एखादी जागा आठवडाभरात त्याच्या पायाखालची होते. एप्रिल आणि मे महिन्यांत दिवसभराच्या उकाड्यानंतर चार-पाच वाजता माणसे घराबाहेर पडतात, आणि वळवाचा पाऊसही बहुधा त्याच सुमारास, म्हणजे दुपार कलल्यापासून रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत येतो. बाग भरण्याची वेळ आणि विजा कडाडण्याची वेळ अशी एकच असल्यामुळे बागेत जाणाऱ्या प्रत्येकाने पुढील गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते.

वळीव आला की बागेत काय घडते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. ढग गडगडू लागतात तेव्हा कोणी बाकावरून उठत नाही. वारा सुटून धुरळा उडू लागला की मुलांना हाका मारणे सुरू होते. टपोरे थेंब पडू लागल्यावर मात्र एकच धावपळ उडते, आणि ती जवळच्या झाडाखाली, भेळेच्या गाडीच्या छत्रीखाली किंवा बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन थांबते. माणसे पावसाला भिऊन पळतात, विजेला भिऊन पळत नाहीत, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. पावसापासून वाचवणारा आडोसा आणि विजेपासून वाचवणारा आसरा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बागेतील बहुतेक आडोसे विजेच्या दृष्टीने निरुपयोगी असतात आणि काही तर उघड्या मैदानाइतकेच धोक्याचे असतात. शिवाय आसऱ्याकडे निघण्याची वेळ पहिला थेंब पडण्याची नसून पहिला गडगडाट ऐकू येण्याची आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत शेतात राबणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, परंतु झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत वीज शेत आणि बाग असा फरक करीत नाही.

वीज माणसापर्यंत कशी पोहोचते

हे समजून घेतले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून येथे थोडे थांबतो. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा वर उठते, तिला समुद्राकडून आलेल्या बाष्पाची जोड मिळते आणि दुपारपर्यंत पांढऱ्या कापसासारखा दिसणारा ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत वाढतो. त्याच्या पोटात बर्फाचे बारीक कण आणि गारेसारखे मऊ गोळे एकमेकांवर आदळत राहतात. त्या घर्षणातून ढगाच्या वरच्या भागात धन आणि खालच्या भागात ऋण विद्युतभार साठतो. हा साठा हवेला पेलवेनासा झाला की खालच्या भागातून विद्युतभाराची एक वाट सुमारे ५० मीटरांच्या टप्प्याटप्प्यांनी जमिनीकडे उतरू लागते. ती जमिनीच्या जवळ आली की खालून झाडांच्या शेंड्यांतून, खांबांच्या टोकांतून, आणि उघड्यावर उभ्या माणसाच्या डोक्यातूनही, तिला भेटायला लहान लहान ठिणग्या वर झेपावतात. यांपैकी जिची गाठ आधी पडते, तेथे वीज पडते. म्हणजेच वीज शहरातली सर्वांत उंच जागा हेरून खाली येत नाही. अगदी शेवटच्या शंभरेक मीटरांत, आसपास जे उंच आणि सुटे असेल त्याच्याकडे ती वळते. कोल्हापूरजवळ ज्योतिबाचा डोंगर आणि पन्हाळा आहे म्हणून शहरातील बागा सुरक्षित आहेत, हा समज त्यामुळेच टिकत नाही.

वीज पडली की साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह एका क्षणात वाहतो आणि त्या वाटेवरची हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ती हवा एकदम फुगते, तोच आपल्याला ऐकू येणारा कडकडाट. झाडावर वीज पडते तेव्हा खोडातील ओलाव्याची क्षणात वाफ होऊन साल उडून जाते. परंतु झाडाच्या लाकडापेक्षा माणसाच्या शरीरातून वीज अधिक सहज वाहते, त्यामुळे खोडाजवळ उभा असलेल्या माणसाकडे ती झाडातून बाजूला उडी घेते. झाडाखालचे बहुतेक अपघात असे होतात. वीज माणसावर नव्हे, झाडावर पडलेली असते. उरलेला प्रवाह मुळांतून आणि ओल्या मातीतून सर्व बाजूंना पसरतो. जमिनीवर दोन पाय फाकून उभ्या असलेल्या माणसाच्या एका पायाखाली विजेचा दाब जास्त आणि दुसऱ्या पायाखाली कमी असतो, त्या फरकामुळे प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. झाडाखाली उभ्या म्हशी एकाच विजेने एकत्र मरून पडल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्याचे कारण हेच आहे: पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे, आणि हृदय नेमके त्या दोहोंच्या मध्ये. जमिनीतून येणारी ही वीज प्रत्यक्ष अंगावर पडणाऱ्या विजेपेक्षा कितीतरी अधिक माणसांना गाठते, आणि नवख्या माणसाला तिचीच कल्पना सर्वांत कमी असते.

घरातून निघण्यापूर्वी

भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हानिहाय इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत देतो, आणि त्यांखेरीज पुढील सुमारे तीन तासांसाठीचा तात्काळ अंदाजही प्रसिद्ध करतो. बागेत जाणाऱ्याला सकाळच्या बातमीपेक्षा हा तीन तासांचा अंदाज अधिक उपयोगी पडतो. पिवळ्या इशाऱ्याकडे अनेकजण दुर्लक्ष करतात, कारण तो सौम्य वाटतो. मात्र मेघगर्जनेसह पावसाचा इशारा पिवळा असला तरी त्यातली एक वीजही पुरेशी असते, म्हणून ‘विजांच्या कडकडाटासह’ हे शब्द दिसले की रंग न पाहता फिरण्याची जागा घराजवळची निवडावी.

मोबाइलवर ‘दामिनी’ हे ॲप घ्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले असून देशभर बसवलेल्या संवेदकांच्या जाळ्यावरून, आपण जेथे आहोत त्या ठिकाणाभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळांत वीज पडत आहे का, हे त्यावर दिसते. ॲप उघडल्यावर ठिकाण ओळखण्याची परवानगी दिली नाही तर ते उपयोगाचे नाही, हे लक्षात ठेवावे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे ॲपही इशारे पोहोचवते. ही साधने चांगली आहेत, पण कान आणि डोळे यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. मोबाइलला रेंज नसेल, सूचना उशिरा येईल. गडगडाट मात्र चुकत नाही.

वळीवच नव्हे, परतीच्या पावसाचे दिवसही याच सावधगिरीचे असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत दुपारनंतर पुन्हा उंच ढग चढतात आणि विजा कडाडतात. त्या मानाने जुलै-ऑगस्टमधल्या संततधारेत विजा कमी असतात, आणि त्यामुळेच पावसाळाभर रंकाळ्यावर निर्धास्त फिरलेला माणूस ऑक्टोबरमध्ये बेसावध राहतो.

बागेत पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटे

बागेत शिरल्याबरोबर बाकावर बसण्याआधी एक काम करावे: येथून खरा आसरा कोठे आहे आणि तेथे चालत जायला किती वेळ लागतो, हे पाहून ठेवावे. खरा आसरा दोनच प्रकारचा असतो. पहिला म्हणजे भिंती आणि छप्पर असलेली पक्की इमारत, जिच्यात विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ आहेत. वीज पडलीच तर त्या तारांतून आणि नळांतून ती जमिनीत उतरते. दुसरा म्हणजे पूर्ण बंद होणारे, लोखंडी किंवा तत्सम धातूच्या टपाचे वाहन. मोटारगाडी, केएमटीची बस, एसटी ही वाहने काचा लावून घेतल्यास चांगला आसरा देतात. त्याचे श्रेय रबरी टायरांना दिले जाते, पण ते खरे नाही. ढगापासून जमिनीपर्यंत काही किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला वितभर रबर अडवू शकत नाही. धातूचा सांगाडा वीज बाहेरून वाहून नेतो आणि आतला माणूस वाचतो. म्हणूनच कापडी टपाची रिक्षा हा आसरा नव्हे आणि दुचाकी तर मुळीच नव्हे.

आता हीच कसोटी आपल्या बागांना लावून पाहावी. महावीर उद्यानाच्या आसपास पक्क्या इमारती आहेत, त्यामुळे तेथील माणसाला फाटकाबाहेर पडून दोन-चार मिनिटांत आत शिरता येते. टाऊन हॉलच्या बागेत जुने, उंच वृक्ष आहेत आणि दुपारी त्यांची सावली हवीहवीशी वाटते, पण ढग गडगडू लागल्यावर नेमकी तीच जागा आधी सोडावी लागते. तेथील संग्रहालय उघडे असेल तर त्याच्या आत जावे, बंद असेल तर त्याच्या पायऱ्यांवर किंवा ओसरीत उभे न राहता रस्त्यापलीकडील इमारतींकडे निघावे. रंकाळ्याची गोष्ट वेगळी आहे. पाण्याचा मोठा मोकळा पसारा, काठावरचा लांबच लांब रस्ता, लोखंडी कठडे, आणि काठाने चालणारा माणूस त्या सपाटीवर सर्वांत उंच, असे तेथे होते. चौपाटीच्या बाजूला रस्ता ओलांडला की घरे आणि दुकाने आहेत, पण फिरता फिरता वस्तीपासून दूर गेलेल्या माणसाला परत यायला बराच वेळ लागतो. ज्या दिवशी ढग भरून आलेले असतील त्या दिवशी रंकाळ्याला पूर्ण फेरी घालू नये, वस्तीच्या बाजूनेच जाऊन त्याच वाटेने परतावे, असा माझा आग्रह आहे. नौकेत बसलेल्यांनी आणि पोहणाऱ्यांनी तर ढग दिसताच काठ गाठावा, कारण पाण्यातून बाहेर येण्यातच वेळ जातो.

टेंबलाईची टेकडी उंच आणि उघडी आहे, म्हणून तेथे निर्णय इतर बागांपेक्षा आधी घ्यावा लागतो. पन्हाळ्यावर तबक उद्यानात किंवा तटावर गेलेल्यांनीही हेच करावे. गड समुद्रसपाटीपासून सुमारे ३ हजार फूट उंच आहे आणि ढग कधी कधी अक्षरशः अंगावरून जातात. तेथे आपली गाडी किंवा एखाद्या हॉटेलची इमारत हाच आसरा धरावा. जुन्या दगडी वास्तूंमध्ये आत, भिंतीपासून आणि दारापासून दूर थांबणे तटावर उभे राहण्यापेक्षा बरे, पण ती दुसऱ्या क्रमांकाची निवड आहे. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला जाणाऱ्या भाविकांसाठी जाता जाता एक विनंती करतो: यात्रा वळवाच्या ऐन दिवसांत येते आणि तीत मिरवल्या जाणाऱ्या सासनकाठ्या उंच असतात, तेव्हा गडगडाट सुरू होताच काठी आडवी करून ठेवावी आणि माणसांनी तिच्यापासून बाजूला व्हावे.

पोलीस उद्यानातील ३०३ फुटांचा ध्वजस्तंभ अनेकांना संरक्षक वाटतो. एवढा उंच खांब असताना वीज आपल्यावर कशाला पडेल, असा विचार त्यामागे असतो. वीज त्या खांबावर पडण्याची शक्यता जास्त आहे हे खरे, पण तसे झाले तर तिचा प्रवाह खांबाच्या बुंध्यापासूनच जमिनीत पसरतो. म्हणून ध्वजस्तंभ, हायमास्ट दिव्यांचे खांब, मोबाइलचे मनोरे यांच्या आसपास थांबणे हा उपाय नसून धोका आहे.

बागेतील कोणत्या वस्तू आसरा नव्हेत, हे थोडक्यात सांगतो. चारी बाजूंनी उघडी असलेली दगडी किंवा सिमेंटची छत्री, पत्र्याची शेड, बसथांबा, तंबू, मंडप, भेळेच्या गाडीवरची मोठी छत्री, पहारेकऱ्याची पत्र्याची केबिन, यांपैकी कशातही जाऊ नये. घसरगुंडी, झोपाळे, ओपन जिमची लोखंडी साधने, तारेचे कुंपण आणि कठडे यांना हात लावू नये, कारण एका टोकाला पडलेली वीज कुंपणातून दूरवर येते. बागेतले सिमेंट-विटांचे पक्के स्वच्छतागृह बंद दाराचे असेल तर ते चालते, मात्र तेथे नळाला हात लावू नये.

गडगडाट ऐकू आला, आता काय करावे

उठावे आणि निघावे. एवढेच उत्तर आहे, आणि ते अमलात आणणे सर्वांत कठीण आहे.

वीज चमकल्यापासून कडकडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते, कारण आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंद किंवा त्याहून कमी अंतर आले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आहोत. ही मोजणी चांगली आहे, पण ती बागेत आणखी थोडे बसण्याची परवानगी म्हणून वापरू नये. वादळी ढग ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत असेल तर दहा किलोमीटरचे अंतर तो १५ मिनिटांत कापतो. शिवाय ढगाच्या मुख्य भागापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढेही, जेथे पाऊस नाही आणि डोक्यावर निळे आकाश आहे तेथेही, वीज पडू शकते. शहरात आणखी एक अडचण आहे. संध्याकाळच्या वाहतुकीच्या आणि भोंग्यांच्या गोंगाटात दूरचा गडगडाट बुडून जातो, त्यामुळे तो आपल्याला ऐकू आला याचाच अर्थ तो बराच जवळ आला आहे. ढग अमुक दिशेने येतो, तमुक दिशेचा कोरडाच जातो, असे ठोकताळे जुनी माणसे सांगतात. त्यांवर भिस्त ठेवून मुलांना मैदानात खेळू देऊ नये.

गेल्या काही वर्षांतला एक प्रसंग सांगतो. आभाळ काळेभोर झाले होते, दोनदा गडगडले होते, आणि एक कुटुंब लहान मुलासह एका जुन्या वृक्षाच्या बुंध्याशी अंग चोरून उभे होते. ‘दादा, इथं थांबू नका, समोरच्या दुकानात चला,’ असे मी म्हटले, तर ते गृहस्थ अदबीने म्हणाले, ‘काका, पाऊस ओसरला की निघतोच आम्ही, पोराला भिजवायचं नाही.’ त्यांच्या मनात मुलाची काळजीच होती. मी मुलाचा हात धरला आणि भिजत सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेले. मूल भिजले, याचे त्या माउलीला वाईट वाटले हे दिसत होते. तरीही पुन्हा तसा प्रसंग आला तर मी तेच करीन, आणि वाचकांनीही परक्या माणसाला असे सांगायला संकोच करू नये.

मुलांच्या खेळात मोठ्या माणसाने आधीच ठरवून द्यावे की गडगडले की सामना थांबेल, मग शेवटचे षटक उरले असो की बरोबरीचा गोल व्हायचा असो. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या शहरात हे सांगणे सोपे नाही, म्हणूनच ते खेळ सुरू होण्याआधी सांगावे, खेळ रंगात आल्यावर नव्हे. वृद्ध माणसांना चालायला वेळ लागतो. त्यांच्यासोबत असणाऱ्याने गडगडाटाचीही वाट न पाहता, ढग चढताना दिसताच निघावे.

आसऱ्यात पोहोचल्यावर दार, खिडकी आणि व्हरांडा यांपासून आत सरकावे. नळ, विजेची बटणे आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल यांना हात लावू नये. गाडीत असल्यास काचा लावून हात मांडीवर ठेवावेत. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून ३० मिनिटे होईपर्यंत बाहेर पडू नये, आणि मध्येच पुन्हा एकदा गडगडले तर मोजणी पहिल्यापासून सुरू करावी. पाऊस थांबला की माणसे लगेच बाहेर येतात, परंतु सरत्या ढगाच्या मागच्या भागातूनही विजा पडतात, आणि तोपर्यंत सगळेजण बेफिकीर झालेले असतात.

आसरा गाठताच आला नाही तर

प्रथम स्पष्ट सांगतो की उघड्यावर पूर्ण सुरक्षित अशी जागाही नाही आणि तशी बसण्याची पद्धतही नाही. पुढचे उपाय धोका थोडा कमी करतात, एवढेच. त्यामुळे शक्य असेल तोवर आसऱ्याकडे चालत राहावे. उंचवट्यावरून खाली उतरावे, एकट्या उभ्या झाडापासून निदान त्याच्या उंचीइतके तरी अंतर ठेवावे, पाण्यापासून आणि कुंपणापासून दूर व्हावे. झाडी दाट असेल तर सर्वांत उंच झाडे टाळून ठेंगण्या झाडांच्या बाजूने जावे. उघडी छत्री डोक्यावर धरल्याने आपली उंची वाढते, ती मिटून घ्यावी. सोबत चार-सहा जण असतील तर एकमेकांना बिलगून न राहता किमान १५ मीटरांचे अंतर ठेवून चालावे, कारण एकाला लागलेली वीज दुसऱ्याकडे उडी घेते, आणि सगळेच कोसळले तर मदतीला कोणी उरत नाही. लहान मुलाला मात्र कोणी एकटे सोडू नये. त्याला एका मोठ्या माणसाने उचलून घ्यावे.

अंगावरचे केस उभे राहिले, त्वचेला मुंग्या आल्या किंवा जवळच्या लोखंडातून गुणगुण ऐकू आली, तर वीज पडण्याच्या बेतात आहे असे समजावे. तत्क्षणी दोन्ही पाय जुळवून, टाचा एकमेकींना टेकवून उकिडवे बसावे, डोके गुडघ्यांत घालावे, कान झाकावेत आणि हात जमिनीला टेकू देऊ नयेत. आडवे मात्र कधीही पडू नये. त्याने उंची कमी होते खरी, पण डोक्यापासून पायांपर्यंत सगळे शरीर जमिनीतून येणाऱ्या विजेच्या वाटेत येते. तो क्षण टळला की उठून पुन्हा आसऱ्याकडे निघावे.

मोबाइल जवळ असल्याने किंवा गळ्यात मंगळसूत्र असल्याने वीज ओढली जाते, हा समज खरा नाही. ते काढून फेकण्यात वेळ घालवू नये. एकदा पडलेली वीज त्याच जागी पुन्हा पडत नाही, हेही चुकीचे आहे. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यामुळे पायाळू मुलाला घरात कोंडून ठेवले जाते आणि त्याची भावंडे मात्र अंगणात किंवा झाडाखाली निर्धास्त राहतात, हे अधिक वाईट आहे. जन्माच्या वेळी पाय आधी आले की डोके, याचा विजेशी काहीही संबंध नाही. मूल कोठे उभे आहे, याचाच आहे.

कोणाला वीज लागली तर

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, आणि लावलाच पाहिजे. या एका गैरसमजामुळे वाचू शकणारी माणसे दगावतात. आधी आपल्या सुरक्षिततेचा विचार करून, शक्य असल्यास त्याला झाडापासून दूर आसऱ्यात हलवावे, आणि सोबतच्या एकाला १०८ किंवा ११२ वर फोन करून बागेचे नाव व कोणते फाटक हे नेमके सांगायला लावावे.

एकाहून अधिक जण कोसळले असतील तर नेहमीचा क्रम उलटा करावा. जो विव्हळतो आहे, हालचाल करतो आहे, तो श्वास घेतो आहे आणि बहुधा वाचणार आहे. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी धावावे. विजेच्या धक्क्याने हृदय थांबते, आणि अनेकदा ते आपोआप पुन्हा चालूही होते, पण मेंदूतील श्वासाचे केंद्र बधिर झालेले असल्यामुळे श्वास सुरू होत नाही आणि प्राणवायूवाचून हृदय दुसऱ्यांदा थांबते. मधल्या मिनिटांत कोणी मदत केली तर असा माणूस वाचू शकतो. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या म्हणून तो गेला असे ठरवू नये. विजेच्या धक्क्यात तसे होते.

येथे कोल्हापूरपुरती एक गोष्ट महत्त्वाची आहे. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या उपायाला सर्वत्र ‘सीपीआर’ म्हणतात, पण कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. गर्दीत ‘सीपीआर द्या’ असे ओरडले तर माणसे ‘सीपीआरला न्या’ असे ऐकतात आणि रिक्षा शोधायला पळतात, आणि नेमकी मोलाची मिनिटे हातची जातात. म्हणून ‘छाती दाबा, श्वास द्या’ असेच मराठीत स्पष्ट सांगावे. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मध्यभागी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. ज्यांना तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण आहे त्यांनी ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत; विजेच्या बाबतीत श्वासाचे महत्त्व विशेष आहे. प्रशिक्षण नसलेल्यांनी न थांबता छाती दाबत राहावे. दमल्यावर दुसऱ्याने जागा घ्यावी, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हे सोडू नये.

शुद्धीवर असलेल्या माणसाचे पाय थंड, निळसर पडून हलेनासे झाले तर घाबरू नये. हा लुळेपणा बहुधा काही तासांत ओसरतो. त्वचेवर फांद्यांसारखी तांबूस नक्षी उमटली तर ती चोळू नये, ती आपोआप जाते. मात्र उठून चालू लागलेल्या माणसालाही ‘काही झाले नाही’ म्हणून घरी जाऊ देऊ नये. त्याच दिवशी रुग्णालयात हृदयाचा आलेख काढून घ्यावा आणि कानाचे पडदे तपासून घ्यावेत, कारण कडकडाटाच्या दाबाने ते फाटतात. वीज किती वाजता आणि कोठे लागली, माणूस झाडाखाली होता की उघड्यावर, किती वेळ बेशुद्ध होता, छाती किती वेळ दाबली, हे सोबतच्या माणसाने कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे, कारण रुग्णाला स्वतःला त्यातले बरेचसे आठवत नाही. पुढील काही आठवड्यांत झोप न लागणे, विसराळूपणा, कानात आवाज येणे असे त्रास सुरू झाले तर पुन्हा दाखवावे. आणि काही महिन्यांनी दृष्टी धूसर होऊ लागली तर नेत्रतज्ज्ञांना विजेचा प्रसंग आवर्जून सांगावा, कारण विजेच्या धक्क्यानंतर तरुण वयातही मोतीबिंदू होऊ शकतो.